तिसरा नकार

मी नेदर क्वार्लीचा बसथांबा बोलतोय. मी काहीतरी गोड बोलेन या आशेनं कुणी बाकावर टेकलं असेल, तर त्यानं आत्ताच उठावं. माझ्या छपराला सध्या फुलांच्या टोपल्या लटकतायत, त्यांच्यावर जाऊ नका. त्या मी मागितलेल्या नाहीत.

मी म्हणजे नुसता रोवलेला खांब नव्हे. राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी या गावातल्या माणसांनी स्वतः खपून मला बांधलं. तीन बाजूंना इथल्याच खाणीतला पिवळा दगड, वर स्लेटच्या फरशा, आत ओकचं बाक, आणि चौथी बाजू रस्त्याकडे उघडी. त्या माणसांना बस लागायची, म्हणून त्यांना मीही लागायचो. ती माणसं आता चर्चच्या मागे निजली आहेत आणि त्यांच्या घरांत शहरातून निवृत्त होऊन आलेले लोक राहतात. प्रत्येक दारात दोन-दोन गाड्या आहेत. त्यांना मी फार आवडतो, आणि तिथंच माझं नशीब फुटलं.

माझ्या आतल्या भिंतीवर सूचनाफलक आहे. गावाची सगळी खबरबात तिथं टाचणीनं टोचलेली असते. हरवलेलं मांजर, फुलांचं प्रदर्शन, चर्चसाठी जॅमच्या बाटल्या. गावातली भांडणंही तिथंच चालतात, पण अतिशय सभ्य भाषेत. 'ज्या कुणाचा कुत्रा माझ्या फाटकासमोर घाण करतो, त्यांनी कृपया विचार करावा' असं एक जण लिहितो. दुसरा खाली लिहितो, 'आपल्या भावना समजल्या, धन्यवाद.' आणि मग दोघं वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. समोरासमोर कुणी कुणाला शब्दानं दुखवत नाही. ते काम माझ्या भिंतीला करावं लागतं.

या सगळ्यांचे पुढारी म्हणजे मिस्टर रोलंड थॅकवेल. ग्रामसमितीचे अध्यक्ष, गावाच्या वार्तापत्राचे संपादक, आणि कुठल्याही सभेत शेवटचा शब्द यांचाच. 'बस म्हणजे आपल्या गावाचं हृदय' असं त्यांनी वार्तापत्रात कितीदा छापलं असेल. त्या हृदयात बसून त्यांना कुठं जाताना मात्र मी कधी पाहिलं नाही.

बसनं खरोखर जायची ती डल्सी पेनफोल्ड. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला. गाडी तिला कधी चालवता आली नाही. तिचा नवरा क्लेमंट आणि ती लग्नाआधीपासून माझ्याच बाकावर बसून विंचफर्डच्या बसची वाट बघायचे. पुढं क्लेमंटची आठवण गेली. आधी नावं गेली, मग माणसं, शेवटी घरचा रस्ता. त्याला विंचफर्डच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी डल्सी डोक्याला हिरवा रुमाल बांधून माझ्याकडे येते. म्हणजे, यायची.

एकदा तिची बहीण नोरा आली होती. ती डल्सीला म्हणाली, "तुला इतके लोक गाडीनं सोडायला तयार असतात, मग या खटाऱ्यातून हाडं खिळखिळी करत कशाला जातेस?" डल्सीनं तिला जे सांगितलं ते मी ऐकलं, आणि गावानं कधीच ऐकलं नाही. वृद्धाश्रमाच्या दारासमोरच बस थांबते. क्लेमंट सकाळपासून खिडकीत बसून बसची वाट बघतो. ती आली, की हिरव्या रुमालाची बाई उतरते का ते बघतो. ती उतरली की तो उठून उभा राहतो. बसमधून उतरते ती आपली बायको, एवढंच त्याच्याजवळ उरलं आहे. एकदा ती कुणाच्या गाडीनं गेली आणि मागच्या दारानं आत शिरली, तर त्यानं तिला ओळखलं नव्हतं.

"मग सांग ना लोकांना," नोरा म्हणाली.

"काय सांगू? लोकांपुढे आपली रडगाणी कशाला गायची?" डल्सी म्हणाली.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, कारण सगळा घोळ तिनंच घातला. थांब्यावर कुणी दिसलं की गाडीवाल्यानं थांबून 'चला, सोडतो' म्हणायचं. थांब्यावरच्यानं 'नको, कशाला त्रास' म्हणायचं. गाडीवाल्यानं पुन्हा म्हणायचं, यानं पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मुकाट्यानं दार उघडून आत बसायचं. दोन नकार म्हणजे भिडस्तपणा. तिसरा म्हणजे समोरच्याचा अपमान, आणि तो या गावात कुणी विसरत नाही.

गेल्या वसंतात बातमी आली, की जिल्हा कचेरी आमची बस बंद करायच्या विचारात आहे. त्याआधी एक आठवडा त्यांचा माणूस बसमध्ये बसणार होता आणि कुठल्या थांब्यावर कोण चढतं ते नोंदवणार होता. थॅकवेलसाहेब पेटून उठले. माझ्या फलकावर लाल अक्षरांत 'आपली बस वाचवा' असं लागलं. ज्यांनी वर्षानुवर्षं बसचं तिकीट पाहिलं नव्हतं त्यांनी गाड्यांच्या मागच्या काचांना तेच कागद चिकटवले. मंगळवारी सकाळी सगळ्यांनी मिळून विंचफर्डला कचेरीवर निषेधाला जायचं ठरलं. आपापल्या गाडीनं.

त्या मंगळवारी बारीक पाऊस होता. डल्सी हिरवा रुमाल बांधून माझ्या बाकावर बसली होती. बस यायला थोडा वेळ होता. तेवढ्यात निषेधाच्या गाड्या निघाल्या आणि पहिलीच गाडी, थॅकवेलसाहेबांची, माझ्यापुढे येऊन थांबली.

"डल्सी, तुम्ही भिजताय. चला, आम्ही तिकडेच निघालोय."

"नको, मिस्टर थॅकवेल. छप्पर आहे की."

"चला हो, जागा आहे."

"बस येईलच आता. खरंच नको."

"तुमच्याच बससाठी चाललोय आम्ही, आणि तुम्हाला पावसात टाकून जाऊ? ते काही नाही, बसा बघू."

डल्सीनं वळणाकडे पाहिलं. बसचा पत्ता नव्हता. मागे बाकीच्या गाड्या खोळंबल्या होत्या, आणि आतले सगळे तिच्याकडे बघून हसत होते, हात हलवत होते. ती उठली आणि आत बसली. मला वाचा असती तर त्या सकाळी मी गावाला चांगलंच ऐकवलं असतं.

थोड्या वेळानं बस आली. आमच्याकडे हात केल्याशिवाय ती थांबत नाही. हात करायला कुणी नव्हतं. खिडकीशी बसलेल्या कचेरीच्या माणसानं माझ्या रिकाम्या बाकाकडे पाहून कागदावर काहीतरी लिहिलं, आणि बस तशीच पुढे गेली. शुक्रवारी मिसेस गॅस्कॉइननी डल्सीला आपल्या दोन कुत्र्यांच्या मध्ये कोंबून नेलं. त्या आठवड्यात गावात दयेला असा काही पूर आला होता, की माझ्या बाकावर कुणालाही बसपर्यंत टिकूच दिलं नाही.

बस बंद झाली. नेदर क्वार्लीला बसची गरज नाही, असा निकाल आला. थॅकवेलसाहेबांनी वार्तापत्रात कचेरीवर तोंडसुख घेतलं. गाव किती एकदिलानं लढलं, याचं वर्णनही केलं.

पुढं डल्सीला सोडायला पाळ्या लागल्या. दोन-चार आठवडे पाळ्या नीट चालल्या. मग कुणाची पाठ धरली, कुणाचे पाहुणे आले, कुणी सुट्टीवर गेलं. डल्सी मात्र ठरल्या वेळी येऊन बसायची. आणि गंमत बघा, बस होती तेव्हा जी माणसं तिला थांबू देत नव्हती, तीच आता माझ्यासमोरून जाताना नेमकी पलीकडच्या शेतातल्या मेंढ्या बघायची. जाता जाता एखाद्याला उचलून घेणं यांना फार गोड लागतं, पण दर आठवड्याचं ओझं म्हटलं की यांचे डोळे लगेच दुसरीकडे वळतात.

तेवढ्यात सुंदर गावांची स्पर्धा आली. थॅकवेलसाहेबांचं लक्ष माझ्यावर गेलं. माझे दगड घासले, बाकाला तेल पाजलं, छपराला टोपल्या टांगल्या. नावाजलेला बसथांबा म्हणून माझ्या छातीवर पितळी पट्टी ठोकायचं ठरलं, कारण बक्षीस मिळालंच. बस नसलेल्या थांब्याला.

पट्टी ठोकायला साहेब स्वतः आले, तेव्हा डल्सी बाकावर बसलेली होती. तिची पाळी ज्यांच्याकडे होती त्या मिसेस गॅस्कॉइन आल्याच नव्हत्या. साहेबांना जरा अवघडल्यासारखं झालं असावं. "चला डल्सी, एवढं झालं की मीच सोडतो तुम्हाला," ते म्हणाले.

"नको," डल्सी म्हणाली.

"अहो, त्यात काय."

"नको म्हटलं ना."

"तुम्ही पण ना. चला, बसा गाडीत."

"नको, मिस्टर थॅकवेल."

तिसऱ्यांदा. साहेबांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

"मागच्या मंगळवारी तुमची पाळी होती, मी तुमच्या गाडीनं गेले होते," डल्सी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण इतका कडवट आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "मी जाऊन क्लेमंटच्या शेजारी उभी राहिले. तो मला म्हणाला, 'बाई, जरा बाजूला व्हा. मला रस्ता दिसत नाही. माझी बायको येईल आता बसनं.' दुपारपर्यंत तो माझी वाट बघत होता आणि मी त्याच्या शेजारी उभी होते."

साहेबांचा चेहरा उतरला. "तुम्ही आधी बोलला का नाहीत?" ते म्हणाले.

"चुकलंच माझं. त्या दिवशी पावसात तिसऱ्यांदा नाही म्हणायला हवं होतं."

साहेबांनी वर हात करून टोपलीतली वाळलेली फुलं खुडायला सुरुवात केली. दुसरं काही त्यांना सुचलं नसावं. मला त्यांची कीव आली नाही. अजूनही येत नाही.

डल्सी त्या दिवशी घरी गेली. पुढच्या मंगळवारी ती काठी घेऊन निघाली आणि माझ्याकडे न वळता चढाच्या रस्त्याला लागली. टेकडीपलीकडे ब्रॅम्बल क्रॉसला मोठा रस्ता आहे. तिथून विंचफर्डची बस अजून जाते आणि वृद्धाश्रमासमोर थांबते. वाटेत पायवाट नाही, दोन्हीकडे उंच झुडपांची कुंपणं, आणि तिचे गुडघे तर केव्हाच गेलेले. गाड्या तिच्याजवळ येऊन हळू होत होत्या, काचा खाली जात होत्या. तिचं डोकं एकदा, दोनदा, तीनदा हललेलं मला इथून दिसत होतं.

संध्याकाळी ती परतली, तेव्हा थॅकवेलसाहेब टोपल्यांना पाणी घालत होते. बूट काढून त्यातला खडा झटकायला ती माझ्या भिंतीला टेकली. साहेबांनी पाण्याकडेच बघत विचारलं, "कसे आहेत क्लेमंट?"

"म्हणाला, आज बस उशिरा आली वाटतं," डल्सी म्हणाली. तिनं बूट घातला आणि ती निघून गेली.

गावाला हे आवडलेलं नाही. डल्सी पेनफोल्ड हल्ली फार उर्मट झाली, असं बाकावर टेकणाऱ्या बायका बोलतात. माझ्या फलकावर परवा एक निनावी चिठ्ठी लागली आहे. 'चढाच्या रस्त्यावरून पायी जाणाऱ्यांनी कृपया वाहनचालकांच्या अडचणीचा विचार करावा.' त्याखाली अजून कुणी धन्यवाद लिहिलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. या टोपल्या उतरवा, ती पट्टी उपटा, आणि जमलं तर बस परत आणा. नाही जमलं तर माझे दगड काढून कुणाच्या तरी कुंपणाला लावा, निदान मेंढ्या तरी अडतील. आणि कुठल्याही गावच्या थांब्यावर कुणी बसलेलं दिसलं, तर त्याला एकदा विचारा. नको म्हणाला, तर त्याला तिथंच बसू द्या.

मंगळवारी सकाळी डल्सी माझ्यासमोरून जाते. मान वळवून बघतसुद्धा नाही, आणि तिचं काही चुकत नाही. हिरवा रुमाल चढावर लहान होत जातो, तो मी वळणापर्यंत बघत राहतो. जा बाई, थांबू नकोस. तो खिडकीत बसला असेल.