घडीबाईंनी खाट धरली

घडीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घातल्या. घडी अशी, की चारी कोपरे जुळल्यावर बोटाला कड लागू नये. तिथं हे नाव पडलं आणि निवृत्तीनंतर त्यांच्या मागोमाग इमारतीतही आलं. तीस वर्षं नुसतं पांढरं: पांढरी चादर, पांढरा अभ्रा, पांढरा पडदा. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून भेट दिली, तीही चादर, आणि तीही पांढरीच. बाईंनी हसून घेतली आणि मनाशी ठरवून टाकलं, यापुढे हात घालायचे ते रंगात.

ठरवायला काय जातं! हात घालायला जागा नको? घर दीड खोलीचं. अर्धीत स्वयंपाक, उरलेल्या एकीत मुलगा, सून, कपाट, टीव्ही आणि भिंतीला टेकलेली बाईंची लोखंडी खाट. कपाट मुलाचं, टेबल सुनेचं, खिडकी सुनेच्या कुंड्यांची. बाईंची म्हणावी अशी जागा एकच, सहा फूट बाय तीन.

एका दुपारी खाटेखालचा कचरा काढायला त्यांनी खाट एका बाजूने उचलली, ती हातातून सटकली आणि चारी पाय वर करून पडली. बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. चार खांब, सरळ, पक्के. "अगं बाई, हा तर माग!" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग काय, घर ऑफिसला गेलं की यांचा कारखाना सुरू. पडद्याचे दोन जुने दांडे खाटेच्या पायांना बांधले, एक उशाकडे, एक पायथ्याकडे. वाण्याकडच्या रिकाम्या पोत्यांची शिवण उसवून दोरा मिळवला आणि दांड्यांमध्ये उभा ताणला. ताणाने पाय आत वाकायला लागले, तर मध्ये बांबू ठोकून त्यांना दटावलं. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडून कापलेल्या कपड्यांच्या पट्ट्या पिशवीभर यायच्या. तो त्या फेकूनच देत होता. निळी पट्टी, हिरवी पट्टी, फुलाफुलांची पट्टी, एकेक दोऱ्यांतून खालीवर ओवायची आणि जेवणाच्या काट्याने ठोकून बसवायची. पाच वाजले की खाट पुन्हा सुलटी. वर गादी, खाली पायांच्या मध्ये अर्धी विणलेली सतरंजी. बाई रात्री आपल्याच कामावर झोपायच्या. दीड महिना घरात कुणाला पत्ता नव्हता. आता सांगा, यात कुणाच्या बापाचं काय गेलं?

पण एका सकाळी सुनेचा झाडू खाटेखाली गेला तो तिथंच अडकला. ती वाकून बघते तर काय!

"अहो, इकडे या! आईंनी खाटेखाली काय करून ठेवलंय बघा!"

मुलगा गुडघ्यावर बसला, मान तिरकी केली. "आई, हे काय? घरात हलायला जागा नाही."

"मी जागा मागितली का? माझ्या खाटेची पालथी बाजू आहे ती. तुम्ही कुणी वापरत होतात?"

"या वयात कसले छंद गं?"

"मग कोणत्या वयात? बाकीची सगळी वयं तुम्ही वापरलीत."

मुलगा रागाने उठला. दोघांनी मिळून ठरवलं: खाट काढायची आणि सोफा-कम-बेड आणायचा. दिवसा पाहुणे बसतील, रात्री आई झोपेल. भंगारवाल्याला रविवारचा निरोप गेला. सून वाईट नव्हती. तिला खरंच वाटत होतं, की गुबगुबीत सोफा पाहून सासूबाई खूष होतील. पण सतरंजी हातभर राहिली होती आणि रविवार दोन दिवसांवर होता. खाट गेली की ती सतरंजी गेली आणि पुढची एकही होणार नव्हती. बाईंना दोन रात्री झोप लागली नाही.

रविवारी भंगारवाला दारात उभा राहिला. "खाट कुठाय साहेब?"

मुलगा वळून बघतो तर आई खाटेवर सरळ उताणी. डोळे छताला लावलेले, दोन्ही हातांनी दोन बाजूंचे लोखंडी पट्टे घट्ट आवळलेले.

"आई, ऊठ ना. तो खोळंबलाय."

"खोळंबू दे. मला खाटेसकट न्यायचं तर ने म्हणावं."

मुलाने एक हात सोडवू पाहिला. तीस वर्षं ओल्या चादरी पिळलेला हात होता तो, असा सुटतोय होय! घामाघूम होऊन मुलगा जिन्यात आला आणि जे दिसत होतं तेच बोलून गेला, "काय सांगू हो, आईनं खाट धरलीय."

भंगारवाल्याचा चेहरा पडला. "अरेरे! आणि तुम्ही ती तिच्याखालून काढून विकायला निघालात? माझ्याच्यानं नाही होणार हे पाप." दोरी खांद्यावर टाकून तो तरातरा उतरला, आणि उतरता उतरता प्रत्येक मजल्यावर थांबला.

दुपारपर्यंत अख्ख्या इमारतीत झालं, घडीबाई अंथरुणाला खिळल्या. समोरची मास्तरीण संत्री घेऊन आली. तिच्यामागे रुमालाने डोळे पुसत शिंपी. आत येऊन बघतात तर खाट उलटी आणि बाई जमिनीवर मांडी घालून खटाखट काटा ठोकतायत.

"अहो, तुम्ही खाट धरलीत म्हणे!"

"धरलीय की," बाई मान वर न करता म्हणाल्या. "आणि सोडणार नाही."

शिंपी आधी हसला, मग सतरंजीपाशी वाकून एकेक पट्टी ओळखू लागला. ही शाळेच्या गणवेशाची, ही लग्नातल्या ब्लाऊजची. मास्तरणीने मात्र सुनेकडे असं बघितलं, की सून कानापर्यंत लाल झाली. पाहुणे गेल्यावर तिने कपाट धाडकन उघडलं. मुलगा दचकला. तिने आतून एक जुनी ओढणी काढली, कात्रीने तिच्या लांब पट्ट्या केल्या आणि सासूपुढे टाकल्या.

"लाल कमी पडलंय यात," ती फुरंगटूनच म्हणाली.

बाईंनी एक पट्टी उचलली, बोटांत फिरवली. त्यांचे डोळे भरून आले, पण काटा थांबला नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी सतरंजी दांड्यांवरून उतरली आणि खाट सुलटी झाली. गादीवरची निरोपाची पांढरी चादर बाईंनी काढली, कोपऱ्याला कोपरा जुळवून तिची घडी घातली आणि पायपुसणं म्हणून दारात टाकली. तिच्या जागी सतरंजी अंथरून त्या मधोमध बसल्या.

मुलगा मघापासून हातात फोन घेऊन उभा होता. "आई, सोफ्याचं काय करू? दुकानवाला विचारतोय."

"पाय किती उंच आहेत त्याचे?"

"चार बोटं असतील."

"मग नको म्हणून सांग," बाई म्हणाल्या. "उलटा करून काय उपयोग त्याचा?"