मधल्या मापाचा ट्यूबा

मी ट्यूबा बोलतोय. हो, तोच! बँडमध्ये सगळ्यात मागे बसून 'भों' करणारा. लोकांना वाटतं, माझ्या पोटात एवढा एकच आवाज आहे. आज जरा सविस्तर बोलतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा ठोकून ठोकून माझा कर्णा घडवला, नळ्या वाकवल्या आणि पोटात चार फिरक्या बसवल्या. चावी दाबली की फिरकी पाव वळसा घेते, हवेला लांबच्या वाटेने धाडते आणि सूर खाली उतरतो. मला घडवणारा कारागीर भारी चिकट माणूस. एक सूर केसभर चढा लागतो म्हणून त्याने माझी एक नळी कितीदा तरी काढली आणि जोडली. मला तेव्हा त्याचा रागच यायचा.

दुकानात गेलो आणि नशीब रुसलं. माझ्या शेजारी एक थोरला ट्यूबा उभा होता. उंच, रुंद, आरशासारखा चकचकीत. आलेलं गिऱ्हाईक थेट त्याच्याकडे धावायचं. मी मधल्या मापाचा, ना थोरांत ना पोरांत! विक्रेता फडकं मारतानासुद्धा मला वगळायचा.

मग एक दिवस बेकरीवाली बाई नवऱ्याला घेऊन आली. पन्नाशी उलटलेली, बाहीवर पिठाचा पांढरा पट्टा. गावच्या बँडमध्ये ती वर्षानुवर्षं ट्यूबा वाजवत होती. पण खांद्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं जुनं अवजड धूड तिला उचलवेना. बँडमास्तरांनी निरोप धाडला होता, "पुढच्या सरावाला बाईंना जमलं नाही, तर अग्निशमन दलातल्या गड्याला घेतो. त्याचा ट्यूबा चांगला दांडगा आहे." बाई दोन्ही वेळचं जेवण सोडेल, पण बँड सोडणार नाही, अशातली.

नवरा थोरल्याकडे बघून म्हणाला, "अगं, हाच घे. मास्तरांची बोलतीच बंद!"

"आणि उचलणार कोण? तुम्ही?"

"उचलेन की."

"आधी स्वतःची कंबर उचला."

तरी तिने थोरला वाजवून पाहिला. दुकानाच्या काचा थरथरल्या. विक्रेता खूश झाला, पण बाईचा चेहरा उतरला. मधलाच एक सूर सारखा खाली घसरत होता.

"तेवढं ओठांनी सावरून घ्यायचं हो," विक्रेता म्हणाला.

"जुन्याला आयुष्यभर सावरूनच घेतलं. आता पुरे झालं."

नवऱ्याने उगाचच घसा खाकरला.

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर गेली. तिने मला पदराने पुसलं, मांडीवर घेतलं, खांदा दुखत नाही ना ते पाहिलं. मग सूर मोजायचं यंत्र समोर ठेवून ती सावकाश एकेक सूर वाजवत वर चढली. काटा मधोमध! पुन्हा खाली उतरली. काटा जागचा हलेना. कारागिराचा तो चिकटपणा कशासाठी होता, ते मला तेव्हा उमगलं.

"पण आवाज पुरेल का ह्याचा?" नवऱ्याने विचारलं.

"इथे बसून काय कळणार? रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहा."

तो बिचारा गाड्या चुकवत पलीकडे गेला. दार उघडं ठेवून बाईने दमदार फुंकर घातली. त्याने तिकडून दोन्ही हात उंचावले. वाटेने जाणारी एक सायकलवाली तर दचकून उतरलीच. झालं, मी बाईचा झालो.

सरावाच्या दिवशी मास्तरांनी मला पाहिलं. "बाई, ही कसली किटली आणलीत?"

सगळे फिदीफिदी हसले. बाईने मला मांडीवर घेतलं आणि चाव्यांवर बोटं ठेवली. संथ चालीची एक धून सुरू झाली. मध्येच मास्तरांनी हात वर केला. "थांबा!"

बाईने मला खाली उतरवायला घेतलं. मास्तर मात्र क्लॅरिनेटवाल्यांकडे रोखून बघत होते.

"तुम्ही लोक आज सुरात कसे?"

"नेहमीसारखंच वाजवतोय हो, मास्तर."

मास्तर मागे आले. "बाई, एकट्या वाजवा बरं." तिने वाजवलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. "जुन्या ट्यूबाचा सूरच डळमळत होता, आणि एवढी वर्षं मी ह्या क्लॅरिनेटवाल्यांना उगाच झापलं," ते पुटपुटले आणि मोठ्याने म्हणाले, "त्या अग्निशमनवाल्याला कळवा, आग विझली म्हणावं!"

आता मी बेकरीमागच्या खोलीत राहतो. कर्ण्याला दोन पोचे पडलेत, चकाकी गेली आहे. माझी कसली तक्रार नाही. तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद असेल, तर वाजवून झाल्यावर त्याच्यात फुंकरीने साचलेलं पाणी काढत जा, फिरक्यांना थेंबभर तेल द्या. तेवढ्यावर आम्ही जन्म काढतो.

कार्यक्रम संपला की लोक धून गुणगुणत घरी जातात. ती क्लॅरिनेटची असते, नाहीतर ट्रम्पेटची. आमचे खालचे सूर कोण गुणगुणणार? पण काल सकाळी बाईचा नवरा पीठ मळता मळता काहीतरी घुमवत होता. मी कान देऊन ऐकलं. धून नव्हतीच ती. पठ्ठ्या माझेच सूर म्हणत होता.