झुंबरबाईंची मूठ

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. झुंबरबाईंच्या घरची सकाळ ठरलेली असे. त्या चूल पेटवत, आधण ठेवत आणि सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत. मग उजव्या हाताने पहिली मूठ माझ्यात टाकत, डोळे मिटून ओठ हलवत आणि उरलेले तांदूळ धुवायला घेत. मित्रांनो, माझे सारे आयुष्य त्या एका मुठीचे आहे.

पूर्वी मी वनस्पती तुपाचा डबा होतो. शिरोळच्या बाजारात एका कारागिराने माझ्या कडा ठोकून बोथट केल्या आणि झाकण बसवले. गावच्या ख्रिस्ती मंडळीत देवाच्या नावाची मूठ टाकायला घरोघरी असे डबे ठेवलेले होते. महिनाअखेरच्या रविवारी ते चर्चमध्ये जात आणि ते धान्य कमावते माणूस नसलेल्या घराला मिळे. झुंबरबाईंचे पती बाळासो मला काखेत धरून नेत. मी काठोकाठ भरलेला असे. पाळकसाहेब मला कौतुकाने उचलून पाहत.

सत्त्याण्णव साली त्यांचा एकुलता मुलगा शमुवेल काविळीने गेला. बाळासोंनी चर्चची पायरी सोडली. एका सकाळी ते चुलीपाशी येऊन म्हणाले, "पोरगं न्हेलं. तुझ्या देवाचं पोट अजून भरलं न्हाय व्हय?"

झुंबरबाईंचा हात माझ्यावर थांबला. "त्यो उपाशी न्हाय ओ. मलाच त्येचा इसर पडंल, म्हणून टाकते."

त्या दिवशीही मूठ भरलेली होती. तेव्हापासून मला चर्चमध्ये त्याच नेऊ लागल्या.

दोन हजार पाचच्या महापुरात कृष्णेचे पाणी घरात शिरले. मागची भिंत पडली. मी चिखलात रुतलो आणि तळाला गंज धरला. झुंबरबाईंनी मला राखेने घासले. मदतीचे तांदूळ मिळाले, त्यांतलीही पहिली मूठ माझ्यात पडली.

पुढे झुंबरबाईंची उजवी बाजू लुळी पडली. स्वयंपाक बाळासोंकडे आला. सकाळी त्या सूप जवळ ओढून घेत, पण बोटे मिटत नसत आणि दाणे जमिनीवर सांडत. डावा हात चांगला होता. पण डाव्या हाताने माणसालाही काही द्यायचे नसते, मग देवाला कसे द्यावे? त्यांचे मन धजेना. बाळासोंच्या मुठीने टाकायला त्या सांगत नसत आणि तेही विचारत नसत. मी रिकामा राहू लागलो. झुंबरबाई जेवण अर्धे ठेवू लागल्या. मित्रांनो, गंजाने पत्रा झिजतो हे मला ठाऊक होते; रिकामेपणानेही झिजतो, हे तेव्हा कळले. घरातला जुना डबा भंगारात देण्याआधी, तो कशासाठी जपला होता, एवढे घरच्या थोरांना विचारत जा.

एका सकाळी दाणे पुन्हा सांडले. झुंबरबाईंनी तोंड भिंतीकडे वळवले. बाळासोंनी चुलीतली लाकडे मागे ओढली. मग ते उठून झुंबरबाईंशेजारी बसले. त्यांनी पत्नीच्या उजव्या तळव्यावर तांदूळ ठेवले, एकेक बोट वाकवून मिटवले आणि ती मूठ आपल्या हातात धरून माझ्यावर आणली.

"सोड," ते म्हणाले.

दाणे माझ्या तळाशी वाजले. झुंबरबाईंनी डोळे मिटले. बाळासोंनी मिटले नाहीत. ते खाली वाकले, जमिनीवर सांडलेले दाणे एकेक करून वेचले, हातावर फुंकर मारून माती उडवली आणि तेही माझ्यात टाकले.