माझ्या कानातली टिकटिक

मी केरबा हवालदारांचा बिनतारी संच. दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडं पोचवण्यातच जन्म चाललाय. आज जरा स्वतःचं सांगतो. घाई नाही ना तुम्हाला?

फलटणजवळच्या एका वस्तीवर, घराच्या ओसरीत माझा जन्म झाला. केरबा फौजेत सिग्नलला, म्हणजे बिनतारी निरोपांच्या कामावर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला, सुटे भाग मागवले आणि मला स्वतःच्या हातानं जोडलं. अंगाला पत्रा हवा म्हणून बायकोचा, शालूबाईंचा, भाजणीचा डबा उचलला. त्या दर दिवाळीला म्हणतात, "आवं, डबा द्या माझा. तुमच्या रेडिओला पिशवीत भरा!"

दर रविवारी सकाळी आठला जतचे तात्याबा माझ्यातून बोलतात. दोघं एकाच पलटणीतले. खिशात मोबाईल दोघांच्याही आहेत. पण हवेतनं आलेल्या आवाजाची गोडी निराळी, असं त्यांचं म्हणणं. माझंही तेच.

यंदा उसात रानडुकरं शिरली, आणि त्याच आठवड्यात माझ्या कानात टिक... टिक... सुरू झाली. सेकंदाला एक. तात्याबांचा बारीक आवाज तिच्याखाली बुडून जायचा. आमचं त्यांना सगळं ऐकू जायचं, त्यांचं आम्हाला काहीच नाही. मग फोन करून हसायचे, "कान गेला रं तुझ्या डब्याचा. भंगारात घाल, गड्या!"

केरबांनी मला उघडलं. ब्रशनं झाडलं, सोल्डर पुन्हा मारलं, तांब्याच्या गुंडाळ्या बदलल्या. दुखणं माझ्या अंगात नव्हतंच, पण सांगू कसं? मला जे ऐकू येतं तेच मी बोलतो. तीन रविवार असे गेले. केरबा हिरमुसून म्हणाले, "या ऐतवारी तात्याबा ऐकू आला न्हाई, तर अँटेनाचा खांबच उतरवतो. बास झालं."

शनिवारी दुपारी शालूबाई चहा घेऊन आल्या आणि माझी टिकटिक ऐकत कप हातात धरूनच थांबल्या.

"कुंपणाच्या झटका मशीनचा दिवा ह्या टिकटिकीसारखाच लुकलुकतोय, बगा."

"कुंपणाचा नि रेडिओचा काय संबंध?"

"मला काय ठावं? बंद करून बगू की."

शालूबाईंनी जाऊन मशीनचं बटण दाबलं. टिकटिक गप्प!

केरबा अंगणात धावले. डुकरांसाठी तारेत झटका सोडणारं ते मशीन त्यांनीच बसवलं होतं, आणि एक सळई वाचवायला त्याचं अर्थिंग जमिनीत ठोकलेल्या माझ्याच सळईला बांधलं होतं. म्हणून त्याचा प्रत्येक झटका माझ्या कानात टिकटिकत होता.

"सिग्नलचे हवालदार म्हणं!" शालूबाईंना हसू आवरेना.

"आता गावभर सांग जा," म्हणत केरबाही हसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी मशीनला विहिरीकडं वेगळी सळई ठोकली, ठिणग्या उडू नयेत म्हणून कुंपणाला टेकलेलं गवत कापलं.

रविवारी आठ वाजले. कुंपणही चालू, मीही चालू. केरबांनी माझं बटण हळूहळू फिरवलं. थोडी खरखर, आणि मग तात्याबा, मागं ओरडणाऱ्या शेळ्यांसकट:

"...तुला ऐकू येवो न येवो, केरबा, मी बोलणार. चौथा ऐतवार हाय ह्यो."

"आलं रं, आलं!" केरबा एवढ्यानं ओरडले, की शेळ्या तिकडं गप्प झाल्या असतील.

तुमच्याकडं माझ्यासारखं कुणी कुरकुरत असेल, तर त्याचं पोट उघडण्याआधी अँटेनाची नि अर्थिंगची तार एकदा काढून बघा. कुरकुर थांबली, तर दुखणं बाहेरचं समजा. बरं, जातो आता. तात्याबांचं तीन आठवड्यांचं साठलेलं बोलणं यायचंय.