अळूसारखं पान

यमुनाबाईंना रिकामं बसणं म्हणजे शिक्षा. नॉटिंगहॅमला लेकाकडे येऊन त्यांना दोन महिने झाले होते. परीक्षित आणि ऋजुता कामावर गेले की बाई खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायच्या. घरातली सगळी कामं यंत्रांनी पळवली होती. एक तेवढं त्यांनी भांडून मिळवलं होतं, सुनेचा डबा. ऋजुता इथेच जन्मलेली, हॉस्पिटलात नर्स. संध्याकाळी डबा लख्ख धुऊन परत यायचा आणि बाईंचा दिवस सार्थकी लागायचा.

म्हणून काल घरामागच्या झाडीत, कुंपणाखाली अळू दिसलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. तीच बाणासारखी पानं, तोच तकतकीत हिरवा रंग. सकाळी वड्या करायला घेतल्या. पण पीठ लावताना ते पानाच्या खाचेतून निसटायला लागलं. अळूचा देठ पानाच्या पोटात जोडलेला असतो, याचा थेट खाचेच्या टोकाला. हाताला ते कळलं होतं, पण हाताचं ऐकायला वेळ कुणाला? विलायती अळू, असायचंच असं, म्हणत बाईंनी चिंच जरा जास्तच घातली आणि डबा भरून दिला.

ऋजुता गेल्यावर उरलेली वडी तोंडात टाकली आणि जिभेत सुया टोचल्या. अळू खाजतं हे त्यांना कुणी शिकवायला नको. पण अळू घशात खाजतं, हे जीभ सोलत होतं. त्यांनी थुंकलं, चुळा भरल्या, थंड दूध तोंडात धरलं. टोचणी जाईना, आणि जिभेपेक्षा मनाची मोठी.

चपला अडकवून त्या पुन्हा झाडीत गेल्या. काल नुसतं पान बघितलं होतं, आज झाड बघितलं. अळू सांडपाण्याकाठी ओल धरून गुडघाभर वाढतं. हे कोरड्या सावलीत, घोट्याच्या जरासं वर. पाला बाजूला सारला तर मधून एक फिकट फणा वर आलेला, आणि फण्यात जांभळी काडी. माहेरी वेल्ह्याच्या डोंगरात सापकांदा असाच फणा काढून उभा राहायचा. गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत, असं आई सांगायची. हे त्याचंच इथलं भावंड.

ऋजुताचा फोन वाजून वाजून थांबला. ड्युटीवर तो लॉकरमध्ये असतो. परीक्षितचाही लागेना. बाईंनी झाड उपटून पिशवीत कोंबलं आणि हॉस्पिटलची बस धरली. प्रत्येक स्टॉपवर माणसं सावकाश उतरत होती, ड्रायव्हरला थँक यू म्हणत होती, आणि त्या सभ्यतेचा बाईंना संताप येत होता. पोरगी गुणी आहे, खाजलं तरी म्हणेल, अळूच ते, खाजणारच. आणि सासूने केलंय म्हणून संपवेल.

रिसेप्शनवरून निरोप गेला. ऋजुता धावतच खाली आली.

"वड्या खाल्ल्यास?" बाईंची जीभ जड झाली होती. "विषारी आहेत गं. माझी चूक झाली."

ऋजुता पिशवीतल्या झाडाकडे बघत राहिली, मग सासूच्या सुजलेल्या ओठांकडे. "मी नाही खाल्ल्या, आई. बिनमध्ये टाकल्या."

अन्न टाकणाऱ्याला बाईंनी जन्मात माफ केलं नव्हतं. आज सुनेचे हात धरून त्या रडल्या. रडता रडताच त्यांना तो लख्ख डबा आठवला.

"रोज टाकतेस?"

ऋजुताची मान खाली गेली. "ब्रेक छोटा असतो. आणि स्टाफरूममध्ये स्मेल येतो. तुम्ही एवढं प्रेमाने देता, मला सांगायला भीती वाटली."

बाईंना ते फार लागलं. पण ज्या टाकण्याने पोरगी वाचली, त्याला नावं तरी कशी ठेवायची? ऋजुता त्यांचं तोंड डॉक्टरांना दाखवायला आत घेऊन निघाली. दारात बाई थांबल्या.

"तुला काय आवडतं गं डब्यात?" दोन महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं.

ऋजुताने त्यांच्याकडे बघितलं आणि खरं सांगून टाकलं.

"चीज सँडविच."