सावरगावच्या भिंतीवरचं नाव

"ओळंबा नका लावू भिवाजी, मला भिंत सरळ नकोय," अपर्णा मॅडम म्हणाल्या, आणि चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या भिवाजीच्या हातातली दोरी तशीच लोंबत राहिली.

सरळ नको तर कशी हवी? तर म्हणे पडायला आलेली. मधून जाणाऱ्याला वाटलं पाहिजे की आता अंगावर येते. खरंच आली तर, असं भिवाजीनं विचारलं, तेव्हा मॅडम गोड हसून म्हणाल्या की हीच भीती आम्हाला दाखवायची आहे. घ्या! चांगली भिंत बांधायला चार दिवस लागतात, पडकी बांधण्यात या बाईनं त्याचे नऊ दिवस खाल्ले. त्यातही मॅडमची पाठ वळली की तो मागच्या बाजूनं गुपचूप सिमेंट भरून घ्यायचा, नाहीतर पहिल्याच दिवशी उद्घाटनाला आलेले साहेब दगडाखाली गेले असते.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून अशा माणसांचं फार पेव फुटलं होतं. ही टोळी पुण्याची. अपर्णा मॅडम मुख्य, आणि कुलदीप नावाचा एक जण, जो दिवसभर नदीत गोट्यावर गोटा आपटून त्याचा आवाज भरून घ्यायचा. कशाला, तर भिंतींच्या आतून भोंगे लावून ऐकवायला. जाम नदीकाठच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात त्यांनी प्रदर्शन मांडलं होतं, आणि दारावर फलक होता, 'दोन काठ: एका दुभंगलेल्या शहराची ओळख'. दुभंगलेलं कशाचं डोंबलाचं? नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे लोक एकमेकांना गोटे मारतात, नदीत रोवलेल्या पळसावरचा झेंडा जो आणेल तो जिंकला. उरलेलं वर्षभर तेच लोक एकमेकांच्या मुली करतात, एकाच बाजारात भाजी घेतात. पण हे उंटावरच्या शहाण्यांना कोण सांगणार?

तरीही भिवाजीनं काम सोडलं नाही, आणि त्याचं कारण एकच होतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की गोटमारीत गेलेल्यांची नावं या भिंतींवर लावणार. पांढुर्ण्याच्या माणसांची पांढुर्ण्याच्या भिंतीवर, सावरगावची समोरच्या भिंतीवर. म्हणजे अंकुरचं नाव लागणार. भिवाजीचा एकुलता एक, एकोणीस वर्षांचा, अकरा वर्षांपूर्वी कपाळावर गोटा लागून नदीच्या पात्रात पडला तो उठलाच नाही. भिवाजीची बायको मनकर्णा सावरगावची. तिच्या भावानं, हेमराजनं, पोराला पात्रातून उचलून आणलं होतं. पण सावरगावच्या गोट्यानं पोरगा गेला म्हणून भिवाजीनं त्या दिवसापासून हेमराजशी बोलणं तोडलं आणि मनकर्णाला पुन्हा पूल ओलांडू दिला नाही. हेमराज दोनदा दारात येऊन उभा राहिला. दोन्ही वेळा भिवाजीनं त्याला चार लोकांसमोर आईबहिणीवरून शिव्या घातल्या. तो मान खाली घालून ऐकून गेला. चोराच्या मनात चांदणं, असं भिवाजी म्हणायचा.

तर त्यानं एक काम मॅडमच्या नकळत केलं. पांढुर्ण्याच्या भिंतीत छातीच्या उंचीवर दोन हात रुंद जागा त्यानं ओळंब्यात बांधली. चांगले चपटे दगड निवडून, सांधे मिळवून. पोराचं नाव वाकड्या जागेवर लागू द्यायचं नाही, एवढीच त्याची जिद्द होती.

उद्घाटनाला साहेब आले, फीत कापली, भाषणात दहा वेळा 'ओळख' म्हणाले आणि भिंतींच्या आत न जाताच चहा पिऊन निघून गेले. मग गावाला आत सोडायला लागले. दारात एक पोरगी प्रत्येकाला विचारत होती, तुम्ही कोणत्या काठाचे, आणि मनगटावर पांढुर्ण्याची लाल नाहीतर सावरगावची हिरवी पट्टी बांधत होती. मनकर्णानं दोन्ही काठांची म्हणून सांगितलं तेव्हा ती गोंधळली. दोन्हीची पट्टीच त्यांनी आणली नव्हती. भिवाजी वैतागून बायकोला हाताला धरून लाल दारानं आत घेऊन गेला.

आतल्या बोळात अंधुक उजेड होता आणि भोंग्यांतून गोटे आदळत होते. शहरातून आलेल्या दोन बाया डोळे मिटून 'किती अंगावर येतं' म्हणत उभ्या होत्या. भिवाजीनं आपली जागा शोधली. तिथं नाव नव्हतं. त्यानं भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली, दोनदा वाचली. मग सहज मागं वळला तर समोरच्या भिंतीवर, हिरव्या पाटीवर लिहिलेलं, 'अंकुर, वय एकोणीस, सावरगाव'.

त्याचं डोकंच फिरलं. अपर्णा मॅडमला त्यानं तिथंच धरलं. शिकलेसवरलेले म्हणवता, दोन महिने गावात खाऊन पिऊन राहता, आणि मेलेल्या पोराचा काठ तुम्हाला लिहिता येत नाही? लाज कशी वाटत नाही? लोक जमले. मॅडमचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या की आम्ही प्रत्येक घरी विचारूनच लिहिलंय.

"माह्या घरी कोणी इचारलं?"

"मले इचारलं," मनकर्णा म्हणाली. "म्याच सांगतलं तसं लिवा म्हणून."

भिवाजी तिच्याकडे वळला. ती पाटीकडे बघून बोलत होती, जणू पोरालाच सांगत होती.

"त्या दिवशी तो सकाळीच मामाकडे गेल्ता. जेवला तिथंच. मग मामाच्या पोट्ट्यांसंग तिकडूनच गोटे मारून राहिला होता. हेमराजनं मले शपथ घातली, म्हणे भिवाजीले सांगू नको, तो जगणार नाही. मले शिव्या देऊ दे, म्हणे."

"मंग आताच कायले सांगून राहिली?"

"अकरा वर्सं मी खोट्या काठावर रडून राहिली. नाव तरी खऱ्या जागी राहू द्या."

पांढुर्ण्याचा पोरगा पांढुर्ण्याच्याच बाजूनं असणार, यात विचारायचं काय, असं भिवाजीनं धरलं होतं. मधल्या पात्रात पडलेला माणूस कोणत्या काठाचा, हे गोटा थोडाच सांगतो! पण तो तिकडून मारत होता तर त्याला लागलेला गोटा इकडून गेला होता. इकडे पाचशे माणसं होती. त्यांत भिवाजी होता, पहिल्या रांगेत, आणि त्या दिवशी त्याचा नेम फार चांगला लागत होता. रात्री घरी येऊन ते सांगायचं म्हणून तो खूशही होता, हेदेखील त्याला आठवलं. भोंग्यांतून गोटे आदळतच होते. त्यानं कुलदीपला हात जोडून ते बंद करायला सांगितलं, आणि कुलदीपनं मुकाट्यानं बंद केलं.

अपर्णा मॅडम म्हणाल्या की तुम्ही सांगाल तर आम्ही पाटी काढून टाकतो. भिवाजीनं मान हलवली. पाटी राहू द्या म्हणाला, फक्त तो काळा पेन द्या. जाड टोकाचा पेन होता. सातवीपर्यंतच्या शाळेचं त्याचं अक्षर मोठं आणि तिरपं होतं. एकेक शब्द लिहायला त्याला वेळ लागला. मागं लोक थांबून राहिले, कोणी पुढं सरकलं नाही.

मनकर्णाला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "काय लिवलं?"

भिवाजीनं पेनाचं टोपण लावलं, पेन मॅडमच्या हातात परत दिला आणि पाटीवर बोट ठेवून तिला पहिल्यापासून वाचून दाखवलं.

"अंकुर. वय एकोणीस. सावरगाव. बाप भिवाजी समोरच्या काठावरून गोटे मारून राहिला होता."