थोरल्यांचे पंधरा व्होल्ट

काकांचा धंदा असा: लोकांनी आपले मीटर आणायचे, काकांनी ते आमच्या मोठ्या व्होल्टमीटरशी ताडून जुळवायचे, वर हिरवं लेबल चिकटवायचं आणि सही ठोकायची. या मोठ्या मीटरला घरात 'थोरले' म्हणतात. वजन वीस किलो, वय काकांपेक्षा थोडंसंच कमी, आकडे काचेच्या नळ्यांमध्ये नारिंगी उजळतात. काका मला अगं-तुगं करतात, थोरल्यांना मात्र अहो-जाहो. येत्या एक तारखेला काका निवृत्त होणार होते आणि लेबलावर माझी, म्हणजे त्यांच्या पुतणीची, सही जाणार होती. त्याचा मला भयंकर आनंद झाला होता. मी कोऱ्या कागदावर सहीचा सरावसुद्धा केला होता.

आणि नेमके थोरल्यांचे आकडे थरथरायला लागले. काकांनी निदानाची आपली ठरलेली पद्धत वापरली. आधी मागच्या जाळीला नाक लावून वास घेतला, मग पाठीवर दोन थापा मारल्या, मग वीज कंपनीचा उद्धार केला.

"काका, आतला पॉवर सप्लाय गेलाय," मी म्हटलं.

"थोरल्यांचा सप्लाय जात नसतो. टेबल हलत असेल."

नाचता येईना अंगण वाकडं, तसं हे टेबल. मी टेबलाखाली पुठ्ठा दिला, काकांचं समाधान केलं आणि थोरल्यांचं झाकण उघडलं. सप्लायमधला मोठा कपॅसिटर बुडाशी फुगून पाझरला होता. तो बदलला आणि थरथर थांबली. काका लगेच झाकण लावायला धावले.

पण सप्लाय दुरुस्त केला की मोजून बघायचा, हे मला काकांनीच शिकवलं होतं. पंधरा व्होल्ट असायला हवेत. फळीवरचा, काकांनी लेबल लावलेला एक मीटर घेतला. पंधरा. दुसरा घेतला, पंधरा. सातही मीटर लावून पाहिले, सातही पंधरा पूर्णांक शून्य शून्य.

"बघ!" काका म्हणाले.

मी बघत होते आणि मला ते आवडत नव्हतं. आमच्या घरात चहात साखर किती, यावरही चार माणसांचं एकमत होत नाही. सात मीटर शेवटच्या आकड्यापर्यंत एकसारखे बोलतात म्हणजे कुणीतरी पढवलेलं असणार.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. स्वयंपाकघराच्या खणात काकूचा पिवळा मीटर होता. घड्याळाचे सेल तपासायला तिने बाजारातून आणलेला. काका त्याला खेळणं म्हणायचे आणि कामाच्या टेबलाजवळ फिरकू द्यायचे नाहीत. मी तो आणून लावला. चौदा पूर्णांक पंचावन्न.

"खेळण्याचं काय ऐकतेस?" काका हसले.

काकू दारातच उभी होती. "त्याला तुमचा हात लागलेला नाही ना, म्हणून," ती म्हणाली.

मग माझ्या लक्षात आलं. समोरचं व्होल्टेज किती, हे थोरले ठरवतात ते आपल्या या पंधराशी ताडून. पंधराच कमी पडले, तर बाकी सगळं जास्त दिसणार. गज आखडला की कापड जास्त भरतं, तसं. आणि फळीवरचे सातही मीटर थोरल्यांवरूनच जुळवलेले. उंदराला मांजर साक्ष! खात्रीसाठी एका गिऱ्हाइकाचा कोराकरकरीत मीटर सीलबंद खोक्यातून काढून लावला. तोही काकूच्याच बाजूने बोलला.

मग दोष सापडायला वेळ लागला नाही. पंधरा म्हणजे किती हे सप्लायला सांगणारे दोन रेझिस्टर असतात. त्यातला एक म्हातारपणी भलतंच सांगायला लागला होता. नवा बसवला. काकूचं खेळणं म्हणालं पंधरा. काकांचे सात पढतपंडित आता साडेपंधराच्या जवळ ओरडत होते.

"थोरल्यांना बाहेर तपासून आणल्याला किती वर्षं झाली?" मी विचारलं.

"नऊ. थोरल्यांना तपासणारा कोण?" काका म्हणाले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "तो जुना रेझिस्टर कुठे टाकलास?"

तोच परत बसवायला साठी ओलांडलेला माणूस गुडघ्यावर बसून केराची टोपली उपसत होता. मला हसू आलं आणि त्या हसण्याची लाजही वाटली. मी टोपली उचलून बाहेर रिकामी करून आले.

एक तारखेला आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचा, एका कारखान्याचा मीटर आला. मी तो नीट जुळवला, लेबल लावलं, आयुष्यातली पहिली सही केली. तिसऱ्या दिवशी मीटर परत आला आणि पाठोपाठ कारखान्याच्या इंजिनिअरचा फोन. काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

"तुमच्याच लेबलाचे आमचे चाळीस मीटर एक सांगतात आणि हा एकटाच वेगळं बोलतो. काय केलंय काय तुम्ही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी एकच वाक्य बोलायला हवं होतं, 'चूक माझी.' मी वाट पाहिली.

"पोरगी नवीन आहे हो," काका म्हणाले. "शिकतेय अजून. चुकलं तिचं."

ज्यांनी मला सोल्डर धरायला शिकवलं, त्यांच्या तोंडून मी हे ऐकलं. मी फोन ओढून घेतला. थोरल्यांची सगळी कुळकथा सांगितली: रेझिस्टर, नऊ वर्षं, तीन टक्क्यांची चूक. म्हटलं, चाळीसही पाठवून द्या, जुळवून देते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मॅडम," इंजिनिअर म्हणाला, "चाळीस दुरुस्त करत बसण्यापेक्षा हा एकच बिघडवून द्या ना."

काकांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर कधीच आला होता. पाच मिनिटांत मीटर तीन टक्क्यांनी बिघडला, इतक्या सफाईने की एरवी गुरू म्हणून मला त्यांचा अभिमान वाटला असता. मग त्यांनी नवं लेबल चिकटवलं आणि पेन माझ्यापुढे केलं.

"नाही," मी म्हटलं.

"अगं, तीन टक्के! कोण मरतंय?"

"मग तुम्ही करा सही."

नऊ वर्षं काकांनी चुकीच्या मीटरवर सह्या केल्या, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. मनातल्या मनात मी त्यांना तेवढी सूट दिली होती. आता ते पेन धरून माझ्याकडे पाहत राहिले आणि मी नजर हटवली नाही. मग त्यांनी चष्मा लावला, मान खाली घातली आणि सही केली. नेहमीसारखीच वळणदार आली.